इनुइट कोरीव प्राणी: आधी उलटा करून पाहा

कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या इनुइट लोकांनी कोरलेलं अस्वल कितीही गोड दिसलं तरी मी आधी ते उलटं करते. तळाशी बहुधा कलाकाराची सही असते, पुष्कळदा इनुइट लिपीत. जुन्या कामांवर ई किंवा डब्ल्यू अक्षराने सुरू होणारा, सरकारने कलाकाराला दिलेला क्रमांकही सापडतो. सही नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. सुरुवातीच्या काळातली बरीच कामं बिनसहीचीच आहेत. सोबत इग्लू टॅग, म्हणजे काम अस्सल इनुइट असल्याची चिठ्ठी, असेल तर उत्तम. कॅनडात ही खूण 1958 पासून आहे.

मग हातात धरा. खरा दगड गार आणि वजनदार लागतो. रेझिनची नक्कल हलकी, हाताला कोमट, कडेला कधी साच्याची बारीक रेघ. शेजारी डिट्टो तस्संच दुसरं अस्वल मांडलेलं असेल, तर सरळ निघा.

दगडावरून गाव ओळखायची मजा वेगळीच. हिरवा, चकचकीत सर्पेंटाइन दिसला की मला आधी किंगाइत गाव आठवतं, त्याचं जुनं नाव केप डॉर्सेट. शिल्पकार पाउटा साइला यांची नाचरी अस्वलं तिथलीच. एवढं अवजड धूड एका पायावर कसं तोललंय, हे समोरून कळत नाही. भोवती फिरा, मागून पाहा. अरवियात या दुसऱ्या इनुइट गावचा करडा दगड मात्र महाकठीण. तिथले कलाकार बारीक तपशिलांच्या फंदात फारसे पडत नाहीत, नुसत्या पाठीच्या वळणावर काम भागवतात. मला तेच जास्त आवडतं. घरच्यांना नाही!

वॉलरसच्या सुळ्याचं काम देशाबाहेर न्यायचं असेल, तर पैसे देण्याआधी परवान्याची चौकशी करा.