लाल, पिवळा की हिरवा? जोखमीच्या यादीनुसार परदेश प्रवेशाची तयारी

साथ पसरली की बरेच देश परदेशी प्रवाशांसाठी जोखमीनुसार देशांच्या याद्या लावतात; लाल म्हणजे सर्वाधिक जोखमीची. कोविडच्या काळात इंग्लंडची लाल यादी आधीपासून होती, मे २०२१ पासून तिथे लाल, अंबर (पिवळसर) आणि हिरवी अशा तीन याद्या झाल्या. जपानने जून २०२२ पासून लाल, पिवळा आणि निळा हे गट केले. भारताने ‘जोखमीचे देश’ अशी वेगळी यादी केली होती. नावं आणि रंग बदलले तरी तयारी करण्याची पद्धत सारखीच राहते.

सुरुवात पासपोर्टपासून करू नका. आधी गेल्या १४ दिवसांत कुठे कुठे होतात ते तारखांसह कागदावर लिहा, कारण तुमचा गट बहुतेक वेळा त्यावरून ठरतो. भारतात येणाऱ्यांना भरावा लागणाऱ्या ‘एअर सुविधा’ या ऑनलाइन फॉर्ममध्ये १४ दिवसांचा प्रवास विचारत, इंग्लंडमध्ये १० दिवसांचा. विमान बदलायला जिथे थांबलात तो देशही लिहा. इंग्लंडच्या नियमात लाल यादीतल्या विमानतळावरचा थांबासुद्धा धरला जाई. त्यामुळे तिकीट काढतानाच मधला थांबा कोणत्या यादीत आहे ते पाहा. स्वस्त तिकिटापायी लाल यादीतला थांबा घेतला, तर पुढचा सगळा प्रवास लाल ठरतो.

पासपोर्टचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोही मोठा असतो. इंग्लंडच्या लाल यादीतून फक्त ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना व तिथे राहण्याचा हक्क असलेल्यांना प्रवेश होता. इतरांना थेट नकार. ज्यांना प्रवेश मिळे त्यांना सरकारने नेमलेल्या हॉटेलात १० दिवस राहावं लागे. त्याचा खर्च एका प्रौढासाठी आधी १,७५० पौंड होता, ऑगस्ट २०२१ मध्ये तो २,२८५ पौंड झाला.

सर्वाधिक घोळ होतो तो चाचणीच्या वेळेत. प्रवासाआधीच्या ७२ तासांतली चाचणी हवी अशी अट असेल, तर ते ‘७२ तास’ नमुना दिल्याच्या वेळेपासून मोजतात, रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे. समजा, विमान शुक्रवारी पहाटे २ वाजता आहे. ७२ तास मागे गेलं की मंगळवारची पहाट येते, म्हणजे सोमवारी संध्याकाळी दिलेला नमुना बाद. बुधवारी सकाळी दिला तर रिपोर्ट यायलाही वेळ मिळतो आणि विमानाला काही तास उशीर झाला तरी मुदत संपत नाही. टप्प्याटप्प्याचा प्रवास असेल तर मुदत कोणत्या विमानापासून धरायची ते नियमात शोधा. इंग्लंडची ‘३ दिवसांची’ मुदत तिथे उतरवणाऱ्या शेवटच्या विमानाच्या सुटण्यापासून मोजली जात होती.

रिपोर्टवर पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, नमुना घेतल्याची तारीख व वेळ आणि चाचणीचा प्रकार हवा. नमुना कुठून घेतला (नाकातून की लाळेतून) हेही काही देश तपासतात. लसीच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख आहे ना ते पाहा. भारतातल्या प्रमाणपत्रांवर आधी फक्त वय किंवा जन्मवर्ष असे. परदेशी जाणाऱ्यांसाठी को-विन या लसीकरणाच्या सरकारी संकेतस्थळावर पूर्ण जन्मतारखेची सोय नंतर झाली. नावातलं एखादं अक्षर वेगळं असेल तर प्रवासाच्या आधीच दुरुस्त करून घ्या. चेक-इन काउंटरवरचे कर्मचारी शंका आली की बोर्डिंग नाकारतात, तिथे वाद घालून काहीही हाती लागत नाही.

नियम लागू होतो तो उतरण्याच्या वेळचा. भारत लाल यादीत जाणार हे इंग्लंडने १९ एप्रिल २०२१ ला सांगितलं आणि २३ एप्रिलला पहाटे ४ वाजता ते लागू झालं. म्हणून सरकारी संकेतस्थळ तिकीट काढताना, निघण्याच्या तीन दिवस आधी आणि निघायच्या दिवशी, असं तीनदा बघा. एजंटच्या निरोपावर विसंबू नका. तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या.

क्वारंटाइनचे दिवस मोजताना इंग्लंडमध्ये उतरण्याचा दिवस शून्य धरत. उतरल्याचा दिवस पहिला धरला तर तिथल्या दुसऱ्या आणि आठव्या दिवसाच्या चाचण्या चुकीच्या तारखेला होत.

पुढे देशांतर्गत विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये जोखमीच्या देशांतून भारतात येणाऱ्यांना विमानतळावरच आरटी-पीसीआर करून निकाल येईपर्यंत थांबावं लागे, आणि निकाल निगेटिव्ह आला तरी ७ दिवस घरी राहून आठव्या दिवशी पुन्हा चाचणी करावी लागे.