परदेशी इंग्रजी शिकवायला जाण्यापूर्वी

सोलापुरात इंग्रजीत एम.ए. करून परदेशी इंग्रजी शिकवायला जाण्याचा बेत आखणाऱ्यांनी, इंग्रजी शिकवण्याच्या सर्टिफिकेट कोर्सची फी भरण्याआधी, नोकरीच्या जाहिरातीतील पात्रतेची ओळ दोनदा वाचावी. तेथे ‘नेटिव्ह स्पीकर’ असे शब्द असतील, तर त्यांचा संबंध बहुधा तुमच्या उच्चारांशी नसून पासपोर्टशी असतो. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा, म्हणजे भाषा शिकवणाऱ्यांचा व्हिसा, मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारामुळे शिक्षकी पात्रतेच्या भारतीयांसाठी एक फट आहे खरी, पण फटीच्या भरवशावर कर्ज काढू नये.

ज्यांना हे दार सताड उघडे होते, त्यांचीही आता ओढाताण आहे. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचे काम गेले. कोरियात २०२३ साली जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, ०.७२ वर आला. मुलेच नसतील तर क्लास कोणासाठी चालणार? जपानी येन २०२४ मध्ये डॉलरला १६० पर्यंत घसरल्याने तेथून घरी पाठवलेल्या पैशांचे मोलही घटले.

म्हणून आधी बी.एड. करावे. आखातातील सीबीएसई शाळा ते बहुधा मागतात आणि परत यावे लागले, तर सोलापुरातही तेच उपयोगी पडते. सर्टिफिकेट घ्यायचेच असेल, तर प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचा सराव असलेले घ्यावे. घरबसल्या व्हिडिओ पाहून मिळणारा कागद मुलाखतीत फार काळ टिकत नाही.

करार हाती आला की वहीत दोन रकाने पाडावेत: एकात पगार, दुसऱ्यात घरभाडे, विमानभाडे, विमा आणि सुट्टीचे बिनपगारी महिने. करार १० महिन्यांचा असेल, तर उरलेले २ महिने कशावर काढणार, हे तिथेच लिहावे. वार्षिक शिल्लक सोलापुरातील नोकरी व शिकवण्यांच्या कमाईपेक्षा स्पष्ट जास्त नसेल, तर बेत पुढे ढकलावा.

एजंटची नोंदणी ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या पोर्टलवर तपासावी. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये व जीएसटीपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. ‘टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ,’ असे कोणी म्हणाला, तर मूळ पदवी प्रमाणपत्र त्याच्या हाती देऊ नये. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत आपण अनोळखी माणसाकडे पाकीट तरी सोपवतो का?