ऑडिओ कोर्सवर जपानी शिकताय? या चुका टाळा

जपानी संभाषणाच्या सरावाला माझ्याकडे जे येतात, त्यातले बरेच जण ऑडिओ कोर्स करून आलेले असतात. कोणी पूर्ण केलेला, कोणी अर्ध्यात सोडलेला, कोणी एकदम तीन धरलेले. ऑडिओ कोर्सशी माझं काही वाकडं नाही. लिपीत अडकून बसण्याआधीच तोंड उघडायला लावणारी ती चांगली सोय आहे. पण एक गोष्ट कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही: कोर्स बोलतो, तुमचं ऐकत नाही. तुम्ही चुकीचं बोललात, अर्धंच बोललात किंवा काहीच बोलला नाहीत, तरी तोच प्रसन्न आवाज पुढचं वाक्य म्हणून मोकळा होतो. खालच्या बहुतेक चुका तिथूनच उगवतात. मुरल्या की त्या काढताना माझ्या नाकी नऊ येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

तोंड मिटून शिकणं

कोर्समधला निवेदक विचारतो, "स्टेशन कुठे आहे, हे कसं विचाराल?" आणि थांबतो. ती काही सेकंदांची मोकळी जागा म्हणजेच खरा कोर्स. बाकीचं सगळं तिच्या तयारीसाठी. आणि नेमकं तिथेच लोक गप्प बसतात. उत्तर मनात म्हणतात. मनातलं वाक्य कधीच चुकत नाही, ही त्यातली गंमत. कारण लगेच पलीकडून "एकि वा दोको देस का" ऐकू येतं आणि वाटतं, हेच तर म्हणणार होतो! नव्हता म्हणणार. तोंडाने म्हणायला गेलात की कळतं, "दोको" (कुठे) आधी आला आणि "एकि" (स्टेशन) नंतरचा "वा" कुठेतरी पडला.

गाडी चालवताना, जिना चढताना, स्वयंपाक करताना कोर्स ऐकायला माझी हरकत नाही, पण तो सराव नव्हे, नुसतं कानावरून जाणं आहे. लोक त्या वेळेचेही तास मोजतात आणि मग विचारतात, इतके तास झाले तरी बोलता का येत नाही.

याच जातीची दुसरी खोड म्हणजे पॉझ दाबणं. उत्तर वेळेत सुचत नाही, मग पॉझ. शांतपणे वाक्य जुळवायचं, मनाचं समाधान झालं की पुन्हा प्ले. असं केलं की धडा कधीच अवघड वाटत नाही, आणि समोर खरा माणूस आला की बोबडी वळते, कारण त्याला पॉझचं बटण नसतं. मी स्वतः धडा असा करते: एकदा नुसता ऐकायचा; दुसऱ्यांदा मोठ्याने बोलत, बटणाला हात न लावता. उत्तर हुकलं तर हुकू द्यायचं. फार हुकली, तर उद्या तोच धडा. पुढचा धडा कुठे पळून जात नाही.

"रोज तीन धडे केले तर महिनाभरात होईल का?" हा प्रश्न मला इतक्यांदा आला आहे की आता मी फक्त "नाही" म्हणते. पी हळद आणि हो गोरी. पॉल पिम्सलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६७ साली शब्द लक्षात राहण्यासाठी उजळणीचं एक वेळापत्रक मांडलं: ५ सेकंद, २५ सेकंद, २ मिनिटं, १० मिनिटं, १ तास, ५ तास, १ दिवस, ५ दिवस, २५ दिवस, ४ महिने, २ वर्षं. शब्द निसटू लागला की तो पुन्हा पुढ्यात आणायचा, दर वेळी जरा जास्त थांबून. हे आकडे घड्याळ लावून पाळा असं मी म्हणत नाही. पण बऱ्याच ऑडिओ कोर्सचा सांगाडा याच कल्पनेवर उभा असतो, आणि एका बैठकीत तीन धडे उरकणारा माणूस "एक दिवस" आणि "पाच दिवस" हे टप्पे गिळूनच टाकतो. "हे मला येतं" म्हणून उजळणीचा भाग पुढे ढकलणारेही त्यातलेच.

मात्रा खाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा सविस्तर.

माझ्याकडे येणाऱ्या एकाने एका जपानी बाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं ठरवलं होतं. कोर्स पुरा झालेला, वाक्यरचना चांगली, आवाजात आत्मविश्वास. तारीख त्याने स्वतः जपानीत सांगितली, आठ तारीख. चार तारखेच्या रात्री त्याला निरोप आला. बाई वेळेवर येऊन बराच वेळ थांबल्या होत्या, आणि वर त्यांनीच माफी मागितली होती, की बहुधा माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली असावी. हा माझ्याकडे आला तो तक्रार घेऊन: "मी स्पष्ट आठ म्हणालो होतो. त्यांना कमी ऐकू येतं का?"

म्हटलं, म्हण बघू. तो म्हणाला, "योका." पुन्हा म्हण. "योका!" या वेळी जरा ठासून, क वर जोर देऊन.

आता बघा. जपानीत चार तारीख म्हणजे यो-क्-का आणि आठ तारीख म्हणजे यो-ओ-का. दोन्ही शब्द तीन मात्रांचे, म्हणजे उच्चाराच्या तीन सारख्या ठोक्यांचे; फरक फक्त मधल्या मात्रेत. चारमध्ये तिथे आवाज अडवून धरायचा आणि एक ठोका जाऊ द्यायचा. आठमध्ये त्याच ठोक्यावर ओ लांबवायचा. आमच्या गड्याने मधली मात्राच खाल्ली. त्याचा "योका" दोन मात्रांचा, म्हणजे ना चार, ना आठ. ऐकणाऱ्याने अंदाज बांधायचा. त्यात ठासून म्हणायच्या नादात क वर पडलेला भार चारकडे झुकला. बाईंचे कान ठणठणीत होते.

कोर्समध्ये हा शब्द त्याने कितीतरी वेळा म्हटला असणार. दर वेळी पलीकडून बरोबर उच्चार आला, दर वेळी त्याला वाटलं, जमलं.

मराठी माणसाची इथे खास पंचाईत होते. आपल्याकडे ह्रस्व ओ आणि दीर्घ ओ असे दोन नाहीत, ए चंही तेच. वृत्तात मात्रा मोजतानाही ए आणि ओ आपण दोनच धरतो. जपानीत मात्र कोको म्हणजे "इथे" आणि को-ओ-को-ओ म्हणजे हायस्कूल. पहिल्यात दोन मात्रा, दुसऱ्यात चार. आपल्या तोंडी दोन्ही कोको. उलट शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण सवयीने दीर्घ करतो. त्यामुळे युकि, म्हणजे बर्फ, आपल्या तोंडून "युकी" होऊन बाहेर पडतो आणि कधी कधी घाईत "यूकी". यु-उ-कि म्हणजे धैर्य. "नाही" म्हणायचं असतं तेव्हा इ-इ-ए म्हणावं लागतं, एक इ गिळला तर उरतं घर.

उपाय मात्रावृत्तवाल्यांना लगेच पटेल: बोटाने ठोके मोजा. मी मांडीवर बोट आपटते, प्रत्येक मात्रेला एक ठोका, सगळे सारख्या अंतराने. कि-ते, कि-त्-ते, कि-इ-ते. अर्थ अनुक्रमे: ये, टपालाचं तिकीट, ऐक. सुरुवातीला हे फार बावळटासारखं वाटतं, आणि घाईतले नवशिके दोन दिवसांत सोडून देतात. सोडू नका.

दुसरी माझी सवय: फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून कोर्समधल्या वाक्याला लागूनच ऐकायचं. कोर्सला नाहीत ते कान तुम्हाला स्वतःलाच पुरवावे लागतात. स्वतःचा आवाज ऐकायला कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. फोनच्या कीबोर्डची भाषा जपानी करून बोलून टाइप करायची सोय वापरली तरी झटपट पारख होते: आठ तारीख म्हणा आणि पडद्यावर काय उमटतं बघा. यंत्र संदर्भावरून सावरून घेतं, म्हणून पूर्ण वाक्य न बोलता सुटा शब्द बोला. आणि काहीही बोललं तरी हिरवी खूण करून शाबासकी देणाऱ्या ॲपवर विसंबू नका.

देवनागरीतल्या वह्या

कोर्स ऐकताना देवनागरीत टिपणं काढणं सोपं, म्हणून सगळे तेच करतात. मला ते फारसं पसंत नाही, कारण वही उघडली की कान बंद होतात आणि आपण आपलंच मराठी वाचू लागतो. "योका" हे त्या गड्याच्या वहीत तसंच लिहिलेलं होतं! हिरागाना, म्हणजे जपानीची उच्चारानुसार लिहायची लिपी, शिकून घ्या. मूळ अक्षरं ४६ आहेत, आणि ऑडिओ कोर्सवाले कितीही म्हणोत की लिपीची गरज नाही, तरी काही आठवड्यांत ती येतात. अडवून धरलेल्या मात्रेला तिथे स्वतंत्र अक्षर आहे, छोटं त्सु. लांबवलेल्या स्वरालाही स्वतंत्र अक्षर आहे. कुठे खाल्लं ते डोळ्यांना दिसतं. फक्त लांब ओ पुष्कळदा "उ" लिहून दाखवतात, तेव्हा वाचताना "योउका" करू नका.

न् चंही असंच. अनुस्वाराची सवय असल्यामुळे शिंबुन (वर्तमानपत्र), सेंपाइ (वरिष्ठ) हे आपल्याला आयतं जमतं. पण पुढे स्वर आला की आपण न् त्याला चिकटवून टाकतो. हजार येन म्हणजे से-न्-ए-न्, चार मात्रा; आपण म्हणतो "सेनेन". कि-न्-ए-न् म्हणजे धूम्रपानबंदी आणि कि-ने-न् म्हणजे स्मरण, तेव्हा जरा जपून.

एक फुकटचा फायदा सांगते. त्सु उच्चारताना इतरांची जीभ वळत नाही, आपल्याला तो "चूक" या शब्दाच्या सुरुवातीलाच मिळतो. चहातला च नव्हे, चुकीतला. तरी लोक "सुनामि" म्हणतात, याला काय म्हणावं!

आता भराभर.

सभ्य बोलण्यात वाक्याच्या शेवटी येणारे "देसु", "मासु" म्हणताना शेवटचा उ ठळक म्हणू नका. देस्, मास्. कोर्समधला आवाज तसंच म्हणतो, ऐका.

वेग दीडपट करून ऐकणं: मोकळी जागाही तेवढीच आखडते. कायम पाऊणपट ठेवणंही नको, खरी माणसं त्या वेगाने बोलत नाहीत.

स्वरांचे चढउतार. टोकियोच्या बोलीत हाशि चा हा उंच म्हटला तर चॉपस्टिक्स, शि उंच म्हटला तर पूल. हे खरंच आहे, पण पहिल्या महिन्यात त्याचे आलेख पाठ करत बसणाऱ्यांचं बोलणं मागे राहतं. वाक्याची चाल जशीच्या तशी उचला, निवेदकाच्या मागोमाग अर्ध्या शब्दाच्या अंतराने बोलत राहा. आलेख नंतर.

"आनाता" चा मारा. कोर्समध्ये "तुम्ही" हवा म्हणून तो येतो, प्रत्यक्षात लोक समोरच्याचं नाव घेऊन त्याला आदराचं सान (आपल्या "जी" सारखं) लावतात किंवा कर्ताच गाळतात. आणि स्वतःच्या नावाला सान लावायचं नाही, हे सांगूनही लोक लावतात.

ॲनिमेतलं, म्हणजे जपानी कार्टूनमधलं, रांगडं "ओरे" (मी) आणि "ओमाए" (तू) ऑडिओ कोर्सच्या देस्-मास् मध्ये मिसळू नका. ते ऐकायला फार विनोदी लागतं, आणि समोरचा सभ्यपणामुळे हसत नाही.

वेळ सांगताना चार वाजता म्हणजे योजि, योन्जि नव्हे. नऊ वाजता कुजि, क्यूजि नव्हे. हे नियमात बसवायला जाऊ नका, पाठ करा.

प्रश्न येतो, उत्तर कळत नाही

कोर्स तुम्हाला विचारायला शिकवतो. तुम्ही झकास विचारता. समोरचा खूश होऊन भरभर उत्तर देतो, आणि इथे घोडं पेंड खातं. कोर्समध्ये स्टेशन नेहमी "तिथे" असतं. रस्त्यावर ते दुसऱ्या सिग्नलला डावीकडे वळून, बँकेच्या पुढे असतं. शिवाय उत्तर देस्-मास् मध्येच येईल याचीही खात्री नाही.

यावर मी दोनच गोष्टी करायला लावते. "मो-ओ इचिदो ओनेगाइ शिमास", म्हणजे पुन्हा एकदा सांगा, आणि "युक्कुरि ओनेगाइ शिमास", म्हणजे सावकाश, ही दोन वाक्यं झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. आणि ऐकताना पुतळ्यासारखं बसू नका. जपानी माणूस मध्येमध्ये "हाइ", "ए-ए", "सो-ओ देस का" असे हुंकार देत ऐकतो. तुम्ही गप्प राहिलात तर तो समजतो, याला कळलेलं नाही, आणि सरळ इंग्रजीवर येतो. उलट बाजूने, त्याच्या "हाइ" ला होकार समजून पुढे जाऊ नका, बऱ्याचदा तो फक्त "ऐकतोय" एवढंच सांगत असतो.

परीक्षेच्या भरवशावर बोलणं ढकलणाऱ्यांसाठी एक माहिती: जे.एल.पी.टी. या जपानी भाषेच्या परीक्षेत सगळ्यात सोप्या एन ५ पासून सगळ्यात अवघड एन १ पर्यंत कुठल्याच पातळीला तोंडी परीक्षा नाही. एन ३ पास होऊन स्वतःची ओळख करून देताना अडखळणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यावर रागवावं की त्यांना चहा पाजावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कोर्स मध्येच सोडून दुसरा धरणं हा रोग औषधापलीकडचा आहे. प्रत्येक कोर्सचे पहिले दहा धडे तेच असतात, त्यामुळे दहा धडे पुन्हा पुन्हा करून प्रगती झाल्यासारखं वाटत राहतं. पैसे घालवायचे नसतील तर एन.एच.के. वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे छोटे धडे आणि जपान फाउंडेशनचं "इरोदोरि" हे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसकट मोफत मिळतं. दोन्हींपैकी एक उतरवून घ्या, दुसरं उघडूसुद्धा नका, आणि पहिला धडा मोठ्याने म्हणत रेकॉर्ड करा.