माती परीक्षणात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, तरी लिंबाची रोपे खुंटलेली: माझा अनुभव

लिंबाच्या नव्या लागवडीत रोपे जागची हलेनात. पाने निस्तेज, तांबूस झाक आलेली. माती परीक्षणात मात्र स्फुरद भरपूर! तो मातीत घट्ट अडकलेला असतो आणि मुळाजवळचा संपला की पुढचा सरकत येत नाही. लिंबूवर्गीय झाडांना मूळकेसही फार कमी, त्यामुळे ती मायकोरायझा बुरशीवर खूप अवलंबून असतात. बुरशीचे तंतू मुळांच्या पल्याडचा स्फुरद आणि जस्त आणून देतात. बदल्यात झाड साखर देते. हा व्यवहार 40 कोटी वर्षांहून जुना आहे, हे मला आजही थक्क करते.

या जमिनीत आधी मोहरी होती. मोहरी-कोबीच्या कुळाशी ही बुरशी सहसा जुळत नाही, त्यात सततच्या रोटाव्हेटरने तंतूंचे जाळे तुटत होते.

मी ओळींमधली नांगरट बंद केली, गवत आणि चवळीचे जिवंत आच्छादन ठेवले. स्फुरदाचे खत थांबवले, कारण ते जास्त झाले की झाड बुरशीला थारा देत नाही. नांग्या भरताना, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावताना, या बुरशीचे कल्चर (विरजण) थेट मुळांना लागेल असे खड्ड्यात टाकले. वरून शिंपडलेले माझ्या मते वायाच जाते. जुन्या रोपांना आळ्यात बारीक मुळे उघडी करून तिथेच दिले.

पहिल्या बहारात फरक दिसला नाही. पुढच्या पालवीला पाने गडद हिरवी आली, आणि कल्चर दिलेली नांगीची रोपे शेजारच्या जुन्या रोपांच्या बरोबरीला आली. आच्छादन अजून तसेच आहे. फक्त खोडाभोवतीची जागा मोकळी ठेवतो.