नवा अ‍ॅम्प्लिफायर आधी सिरीज बोर्डवर

घरी जोडलेला किंवा कपॅसिटर बदललेला अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा थेट 230 व्होल्टवर लावू नका. फेजच्या वायरमध्ये 60 किंवा 100 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, म्हणजे वीज बल्बमधून होऊनच अ‍ॅम्प्लिफायरला मिळेल; हाच सिरीज बोर्ड. बल्ब तारेचाच हवा, एलईडी इथे निरुपयोगी. (मिळत नसेल तर जुन्या रिपेअरवाल्याकडे हमखास असतो.) स्पीकर अजून जोडायचा नाही.

स्विच दाबताच बल्ब क्षणभर उजळतो, कारण फिल्टर कपॅसिटर चार्ज होत असतात, मग मंदावतो. तसाच झगझगीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा आणि डायोड, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटे लागलेत का ते बघा.

बल्ब मंदावला की मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. प्लस-मायनस सप्लायच्या (शून्याच्या दोन्ही बाजूंना + आणि − व्होल्टेज असलेल्या) सर्किटला 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. व्होल्टभर दिसत असेल तर महागडा वूफर जाळायची घाई कशाला?

बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेलेच असतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची दुकानातली सवय मला मुळीच पसंत नाही. 100 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून कपॅसिटरच्या दोन टोकांना लावा, ते रिकामे करा आणि मीटरवर खात्री करा.