साकेची चव घ्यायची तर साइजोत: अर्ध्या दिवसाचा बेत

जपानच्या सहलीत हिरोशिमा बहुतेकांच्या यादीत असतेच. तिथून अर्धा दिवस काढून साइजोला जा. स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरात सात साकागुरा, म्हणजे साके (तांदळाचे जपानी मद्य) बनवणारे जुने कारखाने, आणि त्यांची लाल विटांची धुराडी आहेत. स्थानिक साके समजून घ्यायला याहून सोयीचे गाव मला माहीत नाही.

हिरोशिमाहून जेआर सान्यो मार्गाची लोकल पकडा. साधारण 40 मिनिटे लागतात. उतरायचे ते ‘साइजो’लाच, शिंकान्सेनचे (बुलेट ट्रेनचे) हिगाशी-हिरोशिमा स्टेशन वेगळे आहे आणि लांबही. निघण्यापूर्वी नीट जेवा, पण नात्तो (आंबवलेले सोयाबीन) खाऊ नका. त्यातले जिवाणू साकेसाठी तांदळातल्या स्टार्चची साखर करणाऱ्या कोजी बुरशीला घातक ठरतात, म्हणून कारखान्यांना त्याची धास्ती असते. अत्तरही लावू नका, नाहीतर तुम्हालाच साकेचा वास कळणार नाही. दुकाने संध्याकाळी लवकर बंद होतात, तेव्हा दुपारीच पोहोचा.

गेल्या गेल्या पहिला घोट पाण्याचा घ्या. काही साकागुरांच्या दाराशी त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा नळ असतो आणि गावकरी तिथे कॅन भरून नेतात. या गावाची गोष्टच पाण्याची आहे. कोबेजवळच्या ‘नादा’ या साकेसाठी नावाजलेल्या भागाचे पाणी जड. त्यातल्या खनिजांमुळे यीस्ट जोमाने काम करते. हिरोशिमाकडचे पाणी मृदू, त्यामुळे साके नीट आंबत नसे. जवळच्या आकित्सूच्या मिउरा सेन्झाबुरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोजी नीट मुरवून, कमी तापमानात सावकाश आंबवण्याची पद्धत बसवली. आजच्या सुगंधी गिंजो साकेची वाट तिथूनच निघाली. साताके रिइची या संशोधकांचे तांदूळ सडण्याचे, म्हणजे दाण्याचा बाहेरचा थर काढण्याचे, यंत्रही 1896 मध्ये याच भागात तयार झाले.

आता लेबल. ‘दाइगिंजो’ म्हणजे सडून दाण्याचा निम्मा किंवा त्याहून कमी भाग उरलेला, ‘गिंजो’मध्ये 60 टक्के किंवा त्याहून कमी उरलेला. ‘जुनमाई’ असेल तर वरून अल्कोहोल घातलेले नाही. महाग तेच चांगले असे धरून चालू नका. जेवणाबरोबर साधी जुनमाई अनेकदा जास्त रंगते. कामोत्सुरू या इथल्या साकागुराच्या एका प्रसिद्ध बाटलीत सोन्याचा वर्ख तरंगतो. दिसतो सुंदर, पण वर्खाला चव नसते.

चाखणे काही ठिकाणी मोफत असते, काही ठिकाणी थोडे येन पडतात. काउंटरवर ‘ओसुसुमे वा?’ म्हणजे ‘तुम्ही काय सुचवाल?’ असे विचारा. हलक्यापासून सुरुवात करून दाट साकेकडे जा. तळाशी निळी वर्तुळे असलेला पांढरा पेला मिळाला तर आधी रंग आणि नितळपणा पाहा, मग वास घ्या. घोट लहान घ्या, जिभेवर फिरवा आणि गिळल्यावर थोडे थांबा. मागून येणारी चव हीच खरी ओळख. बर्फ किंवा सोडा मागू नका. एखादी जुनमाई आवडली तर तीच 40 अंशांच्या आसपास कोमट करून मिळेल का, ते विचारा. थंड असताना लपलेला तांदळाचा गोडवा तेव्हा वर येतो. साकेत साधारण 15-16 टक्के अल्कोहोल असते, म्हणून प्रत्येक पेल्यानंतर पाणी प्या.

शाकाहारी मंडळींनी सोबत एदामामे, म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, मागवाव्यात. थंड तोफूवर बोनितो माशाचा कीस पसरलेला असतो. तो नको असेल तर ‘कात्सुओबुशी नुकी दे’ म्हणा.

जपानमध्ये पिण्याचे वय 20 आहे, आणि पिऊन सायकल चालवणेही गुन्हा आहे. घरी न्यायला 720 मिलीची बाटली घ्या, ती चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवा. ‘नामा’ लिहिलेली बाटली मात्र तिथेच संपवा. ती पाश्चराइज केलेली नसते आणि फ्रिजबाहेर लवकर बिघडते.