कागदाला जुनेपण द्या, पण चहाने नको

जुन्या पोस्टकार्डांच्या धाटणीची गमतीदार चित्रं काढणारे बरेच जण कागद चहाच्या पाण्याने पिवळा करतात. घरच्या वहीपुरतं ठीक. चित्र विकायचं असेल तर मात्र चहा टाळाच. तो आम्लधर्मी असतो, त्याचा रंग भरवशाचा नाही आणि कालांतराने कागदही ठिसूळ होतो. गिऱ्हाईक पैसे मोजून घेतं, त्याला असं काम देऊ नये.

त्याऐवजी यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून जलरंगाचा अगदी पातळ हात द्या. दोन्ही मातीचे रंग, सहसा उडत नाहीत. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कागद चारही बाजूंनी टेपने फळीवर चिकटवा, रुंद ब्रशने रंग फिरवा. कागद ओलसर असतानाच कडांना जरा गडद हात दिला की अनेक हातांतून फिरून मळल्यासारखी कड येते. सुंदर दिसते!

कोल्हापूरच्या पावसाळ्यात घाई करू नका. वरून कोरडा वाटणारा कागद आतून दमट असतो. हाताची पाठ लावून बघा, गार लागला तर थांबा. मगच वॉटरप्रूफ शाईने छत्री घेतलेली म्हैस नाहीतर टांग्यात बसलेला पोपट रेखाटा.

जुने रंग कसे मुरतात हे बघायला टाउन हॉलच्या संग्रहालयात एक चक्कर जरूर मारा.